लिंबू कुठल्या बाजूला घरंगळतं?

मागच्या अंकात घाटातल्या फसव्या चढ-उतारांबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. उतार असतो तिथे चढ दिसतो, एवढंच त्यात होतं. त्यावर पत्रांचा ढीग आला. एकतीस वर्षं मी रस्त्यांच्या मोजणीत काढली, डंपी लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण, खांद्यावर टाकून कितीतरी घाट पायी चढलो-उतरलो. तरी लोकांच्या मनात याबद्दल इतकं काही साचलेलं असेल याची कल्पना नव्हती. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी शक्य नाही, म्हणून पाच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : मे महिन्यात आम्ही लडाखला गेलो होतो. लेहजवळच्या ‘मॅग्नेटिक हिल’ला ड्रायव्हरने रस्त्यावर रंगवलेल्या चौकोनात गाडी उभी केली, गिअर न्यूट्रलला टाकला आणि गाडी आपोआप चढावर सरकायला लागली! सासऱ्यांनी हात जोडले. मुलगा म्हणतो, डोंगरात लोहचुंबक आहे. मिस्टर म्हणतात, डोळ्यांचा भ्रम. घरात अजून वाद चालू आहे. खरं काय? – एक गृहिणी, नाशिक

उत्तर : ताई, तुमच्या मिस्टरांचं बरोबर आहे. पण सासऱ्यांना कुणी हसलं असेल तर ते मला आवडणार नाही. त्यांना जे दिसलं ते तिथे प्रत्येकालाच दिसतं. मलाही दिसलं.

निवृत्त झाल्यावर लेक-जावयाबरोबर मी तिकडे गेलो होतो. लेहहून कारगिलच्या रस्त्याला लागलं की साधारण तीस किलोमीटरवर, पत्थर साहिब गुरुद्वारा मागे पडल्यावर ती जागा येते. माझ्या पिशवीत दहा मीटरची पारदर्शक नळी होती. माझे वडील गवंडी. जोत्याची पातळी ते नळीतल्या पाण्यानं काढायचे. एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला मी, वय वर्षं आठ. पाण्यात चिमूटभर नीळ टाकलेली, म्हणजे उन्हातसुद्धा पाण्याची रेघ दिसावी. नळीत बुडबुडा राहिला तर पातळी खोटी येते, म्हणून आधी ते बोटाने टिचक्या मारत सगळी नळी तपासायचे आणि मगच “धर” म्हणायचे. पुढे मी लाखाच्या यंत्रांतून पाहिलं, पण माझा सगळ्यात जास्त विश्वास अजून त्या नळीवर आहे.

तर त्या चौकोनापाशी मी नळीचं एक टोक धरलं आणि दुसरं नातवाला धरायला लावलं. नातू उभा होता तो भाग डोळ्यांना सरळसरळ वर दिसत होता, गाडीही तिकडेच सरकली होती. पाणी स्थिरावलं. नातवाच्या टोकाला पाण्याची रेघ रस्त्यापासून जास्त उंच आली, माझ्या टोकाला कमी. दोन्हीकडचं पाणी एकाच पातळीत असणार, म्हणजे नातवाच्या पायाखालची जमीन माझ्यापेक्षा खाली होती. फरक इतका स्वच्छ होता की पुन्हा मोजायची गरज नव्हती, तरी सवयीने टोकं बदलून पुन्हा मोजलं. तेच आलं. गाडी चढत नव्हती, उतरत होती.

मुलाच्या लोहचुंबकासाठी मात्र नळी लागत नाही. लेहच्या बाजारातून घेतलेलं एक लिंबू मी त्या रस्त्यावर सोडलं. तेही गाडीच्याच दिशेने घरंगळत गेलं. नातवाचा प्लॅस्टिकचा चेंडू गेला, बाटलीतलं पाणी सांडलं तर तेही तिकडेच वाहिलं. लिंबात लोखंड नसतं. एवढी जड गाडी ओढणारा चुंबक डोंगरात असता तर त्याने खिशातल्या किल्ल्या आधी ओढल्या असत्या आणि लिंबाकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.

मग डोळे का चुकतात? चढ की उतार हे डोळे जमिनीकडे बघून ठरवत नाहीत, आजूबाजूला बघून ठरवतात. क्षितिजाची आडवी रेघ दिसली, घराची उभी भिंत दिसली, झाड दिसलं, तर हिशेब बरोबर जमतो. त्या पठारावर घर नाही, झाड नाही, आणि क्षितिज डोंगरांनी झाकलेलं. सगळा परिसरच एका बाजूला कललेला असतो आणि मन त्या कललेल्या जमिनीलाच ‘सपाट’ धरून बसतं. मग त्याहून कमी उतरणारा रस्ता वर गेल्यासारखा दिसतो. कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते, पण एखाद्या अंशाचा फरक ती ठामपणे सांगू शकत नाही.

याचा अनुभव घ्यायला लडाखला जायलाच हवं असं नाही. कर्जतहून लोणावळ्याकडे जाणारी रेल्वेगाडी बोरघाटात थांबली की आपल्या टेबलावरच्या बाटलीतलं पाणी बघा. पाणी तिरकं झालंय असं वाटतं. तिथे रूळमार्गाचा चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर; मागून जादा इंजिनं लावावी लागतात ती त्यासाठीच. तिरका झालेला असतो तो डबा, पाणी अगदी सरळ असतं. पण आपण डब्यात बसलेलो, म्हणून आपण डब्याच्या बाजूने साक्ष देतो.

२००३ साली इटलीतल्या पाओला ब्रेसान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे टेबलावर करून दाखवलं. लाकडी उतारांची छोटी मॉडेलं बनवली, खोटं क्षितिज कमी-जास्त केलं आणि बघणाऱ्यांना विचारलं, मधला तुकडा चढतोय की उतरतोय? लोक तसेच फसले. शेवटी त्या तुकड्यावर चिकटपट्टीचं रिळ ठेवलं, ते ‘वर’ घरंगळलं, आणि काही जण चक्क भक्तिभावाने दचकले. प्रयोगशाळेत, टेबलावर! तेव्हा हिमालयात तुमच्या सासऱ्यांनी हात जोडले यात नवल काय? पूर्वी पुण्यवान माणसाला हा रस्ता आपोआप स्वर्गाकडे ओढून न्यायचा, अशी कथा त्या भागात सांगतात. कथा सुंदर आहे. ती मुलाला जरूर सांगा, आणि लिंबूही त्याच्या हातात द्या.

अशा जागा जगभर आहेत. कॅनडात मंक्टनला आहे, आपल्याकडे गुजरातेत गीरमध्ये तुळशीश्यामला आहे, छत्तीसगडमध्ये मैनपाटला तर ‘उलटा पानी’ म्हणून ओहळच चढताना दिसतो. पण मला सगळ्यात आवडते ती स्कॉटलंडमधली ‘इलेक्ट्रिक ब्रे’ (ब्रे म्हणजे तिकडच्या बोलीत टेकडीचा उतार). विजेच्या ओढीमुळे गाड्या चढतात अशी समजूत होती, म्हणून ते नाव. तिथे रस्त्याकडेला एक दगड बसवलाय आणि त्यावर दोन्ही टोकांची समुद्रसपाटीपासूनची उंची कोरली आहे : एका टोकाला २८६ फूट, दुसऱ्याला ३०३ फूट. उतार ८६ला १, आणि आजूबाजूच्या जमिनीमुळे तो उलटा दिसतो, हेही त्यावर लिहिलेलं आहे. दगड लावला म्हणून लोक यायचे थांबले नाहीत. आकडा वाचूनही गाडी चढतानाच दिसते, आणि गंमत पाहायला माणसं तरीही थांबतात.

एक काळजी घ्या. त्या चौकोनात इंजिन बंद करून गाडी सोडू नका. इंजिन बंद झालं की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. तो हमरस्ता आहे, मागून ट्रक येत असतात. लिंबू सोडायचं तेही रस्ता मोकळा बघून.

प्रश्न : भ्रम वगैरे ठीक आहे, पण प्रत्येक वस्तुमानाला गुरुत्वाकर्षण असतं असं आम्ही शिकलो. मग हिमालयाएवढा डोंगर गाडीला थोडं तरी ओढत असेलच ना? – अकरावीतला विद्यार्थी, पुणे

उत्तर : ओढतो! तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण हा प्रश्न आमच्या मोजणीच्या धंद्यातला एक जुना, मानाचा प्रश्न आहे.

एकोणिसाव्या शतकात भारताची त्रिकोणमितीय मोजणी चालू असताना मध्य भारतातलं कल्याणपूर आणि उत्तरेत हिमालयाकडचं कलियाना या दोन ठाण्यांमधलं अंतर दोन पद्धतींनी काढलं गेलं, एक जमिनीवर मोजून आणि दुसरं ताऱ्यांवरून. उत्तरं जुळेनात. ताऱ्यांची मोजणी ओळंब्याच्या, म्हणजे दोरीला टांगलेल्या वजनाच्या, भरवशावर असते, आणि ओळंबाच हिमालयाकडे किंचित झुकत असणार अशी शंका आली. कलकत्त्याचे पाद्री जॉन प्रॅट यांनी १८५५मध्ये हिमालयाच्या ओढीचा हिशेब मांडला, तर झुकाव प्रत्यक्षात आढळला त्याच्या जवळजवळ तिप्पट यायला हवा होता! डोंगर जेवढा दिसतो तेवढा ओढत का नाही, या कोड्यातूनच पुढे डोंगरांना खोल मुळं असतात, ती हलक्या खडकाची असतात, हा विचार उभा राहिला.

आता आकडा बघ. दोन उत्तरांमधला फरक होता अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातल्या साधारण पाच भागांचा. एवढा झुकाव एक किलोमीटर रस्त्यावर पसरला तर अडीच सेंटिमीटर होतो. गाडी डांबरावर आपोआप सरकायला साधारण शंभराला एकचा उतार लागतो, म्हणजे किलोमीटरला दहा मीटर. चारशे पटींचा फरक आहे. हिमालय ओळंबा हलवतो, ताऱ्यांवरून काढलेलं उत्तर बिघडवतो. तुझ्या बाबांची गाडी हलवणं त्याला जमत नाही.

प्रश्न : नाणेघाटातला उलटा धबधबा हाही असाच भ्रम का? – ट्रेकर, ठाणे

उत्तर : नाही. तिथे पाणी खरोखर वर येतं. पावसाळ्यात कोकणातून येणारा वारा कड्यावर आदळतो आणि त्याला वर जाण्याशिवाय वाट उरत नाही. धार बारीक असली आणि वारा जोरात असला की तो पाणी उचलून माथ्यावर परत फेकतो. वारा पडला की तेच पाणी मुकाट खाली जातं. खरं-खोटं करायला यंत्र नको, कड्यापासून सुरक्षित अंतरावर उभं राहिलात तरी तुषार खालून तोंडावर येतात. कड्याच्या टोकाला जाऊ नका, तिथला कातळ शेवाळलेला असतो.

प्रश्न : आमच्या आजोबांना दोनदा चकवा लागला होता. बाजारातून रात्री परत येताना रानात तासन्‌तास चालत राहिले आणि फिरून त्याच आंब्याखाली आले. आजी म्हणायची, चकवा लागला की पुढे जाऊ नये, उजाडेपर्यंत आहे तिथे बसावं. शहरातली माणसं याला भाकडकथा म्हणतात. आजोबा खोटं बोलणारे नव्हते. – शिक्षिका, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर : बाई, आजोबा खोटं बोलत नव्हते. ते खरंच गोल फिरले. याचा पुरावा आहे.

२००९ साली जर्मनीतल्या यान साउमन यांच्या गटाने माणसांना एका घनदाट सपाट जंगलात आणि सहारा वाळवंटात सोडलं. सांगितलं एवढंच, की सरळ चालत राहा. अंगावर उपग्रहाने वाट टिपणारं यंत्र. सूर्य दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले. आभाळ भरून आलं तेव्हा जंगलातली माणसं गोल फिरली, आपलीच वाट ओलांडून गेली, आणि आपण इथून आधी गेलोय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. डोळे बांधून चालायला लावलं तर काही जण वीस मीटर व्यासाच्या गोलात फिरत राहिले. एक पाय आखूड असतो म्हणून माणूस वळतो, असं पूर्वी सांगायचे. तेही तपासलं, तसं निघालं नाही. ‘समोर’ म्हणजे कुठे याची मनातली खूण पावलागणिक जराशी ढळत जाते. दूरची एखादी खूण दिसत असेल तर ती पुन्हा जागेवर येते. अंधारात आजोबांजवळ तशी खूण नव्हती.

मॅग्नेटिक हिलवरच्या आणि आजोबांच्या अनुभवात मला सख्खं नातं दिसतं. तिथे आडवी रेघ हरवते, इथे समोरची दिशा. आधार काढून घेतला की शरीर आपला आधार स्वतः बनवतं आणि तो चुकतो. चुकतो हे कळत नाही म्हणून बाहेरच्या कुणाचं तरी नाव घ्यावं लागतं. आजीने त्याला चकवा म्हटलं. पण तिने सांगितलेला उपाय बघा : बस, उजाडू दे. रानात वाट चुकलेल्याला मीही हेच सांगेन. कितीतरी रात्रींच्या अनुभवातून ते शहाणपण आलंय आणि ते चकव्याच्या नावाने टिकून राहिलं. वर्गात मुलांना दोन्ही सांगा. मोकळ्या मैदानावर डोळे बांधून चालायला लावा, मागे चुन्याची रेघ ओढत जा. मुलं ती रेघ जन्मभर विसरणार नाहीत.

प्रश्न : माझे मिस्टर टेम्पो चालवतात. आमच्याकडच्या घाटात एका वळणावर सगळे ड्रायव्हर लिंबू टाकतात, अमावास्येला नारळ फोडतात. मिस्टर म्हणतात, तिथे गाडी ‘ओढली’ जाते. मागच्या वर्षी तिथे दोन अपघात झाले. मला भीती वाटते, पण लिंबू टाकून भागत असेल असंही वाटत नाही. काय करावं? – सातारा जिल्हा

उत्तर : या पत्रासाठी मी हा सगळा अंक लिहिला असता.

माझ्या नोकरीच्या बाराव्या-तेराव्या वर्षी असंच एक वळण माझ्या वाट्याला आलं होतं. कोणत्या घाटातलं ते सांगत नाही. कठड्यापाशी शेंदूर लावलेला दगड, भोवती नारळाच्या कवट्या, सुकलेल्या लिंबांचा खच. उतरणारे ट्रक तिथे दरीच्या बाजूला जायचे. टपरीवर चहा पिताना मी ड्रायव्हरांना विचारायचो. कुणी म्हणायचं, बाई उभी असते. कुणी म्हणायचं, काही नसतं, नुसती गाडी खेचली जाते. बाईबद्दल प्रत्येकाची हकिगत वेगळी होती. पण गाडी नेमकी कुठे खेचली जाते, हे विचारलं की सगळे एकाच दगडाकडे बोट दाखवायचे. एकमेकांना न ओळखणारी माणसं एकच जागा दाखवत होती, त्या अर्थी त्या जागेत काहीतरी होतं.

एका सकाळी मोजणीतल्या मदतनिसाला स्टाफ, म्हणजे आकडे रंगवलेली उभी पट्टी, धरायला लावून मी त्या वळणाची पातळी घेतली. वळणावर रस्त्याची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा उंच असावी लागते, म्हणजे गाडी आत झुकून वळते. मैदानात ही उचल सात टक्क्यांपर्यंत देतात, घाटात दहापर्यंत. सात मीटर रुंद रस्त्याला सात टक्के म्हणजे बाहेरची कड जवळजवळ अर्धा मीटर वर. इथे दरीकडचा भराव खचला होता आणि वरून डांबराचे थर चढत गेले होते. बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा खाली गेली होती! गाडी खरंच ओढली जात होती, दरीकडे, दिवसाढवळ्या. त्यात भर म्हणजे वळणाच्या आधी तीव्र उतार आणि वळणावर सौम्य उतार. तीव्र उतारावरून आलेल्या डोळ्यांना सौम्य उतार हा चढ दिसतो, म्हणून ड्रायव्हर नेमका तिथेच ब्रेक सोडायचा. मॅग्नेटिक हिलवर जे बघायला लोक लांबून येतात, तेच इथे माणसं मारत होतं.

मी आकडे मांडून कागद वर पाठवला. तो दोन पावसाळे फिरत राहिला. दुसऱ्या पावसाळ्यात एक ट्रक गेला, त्यातला क्लीनर सतरा वर्षांचा होता. त्याची चप्पल मी त्या लिंबांमध्ये पाहिली आहे. त्यानंतर काम झालं : भराव बांधून काढला, कड उचलली, आधीच्या उतारावर फलक आणि रंबलर, म्हणजे वेग कमी करायला लावणारे बारीक उंचवटे, लावले. दगडाला मी हात लावला नाही, कामगारांनाही लावू दिला नाही. पुढची काही वर्षं लिंबं पडत राहिली, हळूहळू कमी झाली.

माझा राग लिंबू टाकणाऱ्यावर कधीच नव्हता. रोज त्या वळणावरून जाऊन पोट भरणाऱ्याला मनाला आधार लागतो. पण लिंबू पडलं की वळणाची जबाबदारी दैवाकडे जाते आणि ज्यांनी कड उचलायची ते सुटतात, याचा मला त्रास होतो. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य अंधश्रद्धा दूर करण्याच्या कामात घातलं. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. तो अघोरी प्रकार रोखायला आहे, वळणावरच्या लिंबासाठी नाही. लिंबाचं काम आपल्यालाच करावं लागेल.

तर ताई, मिस्टरांना “वेड्यासारखं बोलू नका” असं म्हणू नका. त्यांना विचारा : कुठे ओढते, कोणत्या बाजूला, चढताना की उतरताना, रिकामी असताना की भरलेली? हे एका वहीत लिहा. आणखी चार-पाच ड्रायव्हरांना वेगवेगळं विचारा, एकमेकांसमोर नको. मग गावातल्या गवंड्याला दहा मीटरची नळी घेऊन बोलवा. सकाळी लवकर, वाहतूक कमी असताना, दोन्ही बाजूंना लाल फडकं घेऊन माणूस उभा करून, रस्त्याच्या आतल्या कडेला एक टोक आणि बाहेरच्या कडेला दुसरं टोक धरा. पाणी रस्त्यापासून किती उंच आलं ते दोन्हीकडे पट्टीने मोजा. वळणाच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी, असं तीनदा. बुडबुडा राहिला नाही ना ते आधी बघा. ते सहा आकडे, रस्त्याची रुंदी आणि वहीतली पानं मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाठवा. ग्रामपंचायतीच्या अर्जाचा मजकूर मी लिहून देतो, आणि गरज पडली तर माझी जुनी डंपी लेव्हल घेऊन मी स्वतः येतो.